दोन ते सहा

४ मार्च

प्रिय बारक्या,

ताईचा सलाम. पाकीट बघून दचकशील. एकोणीस वर्षांत मी तुला लिहिलेलं हे पहिलंच पत्र. वर्षाच्या सुरुवातीला तुझं कार्ड येतं, ते मी कपाटातल्या डब्यात ठेवते. फाडत नाही, एवढंच. शेहेचाळीसचा झालास तरी बारक्याच म्हणणार, दुसरं काही तोंडात बसत नाही.

आता कारण सांगते. आमच्याकडे नवे पाळक आलेत. वय कोवळं, उत्साह दुप्पट. त्यांनी मंडळीतल्या घराघरात एक कागद वाटलाय, आशीर्वादित जीवनासाठी देवाच्या सात सूचना. आठवड्याला एक पाळायची आणि रविवारी उपासनेनंतर उभं राहून सांगायचं, पाळली की नाही. पहिली प्रार्थनेची. दुसरी आईबापांचा मान राखण्याची. तिच्यात मी पैकीच्या पैकी, बाबांचं सगळं मीच तर करते. तिसरी आहे क्षमेची. पाळकसाहेब म्हणाले, मनातल्या मनात केलेली क्षमा चालणार नाही, तिला काही कष्ट पडत नाहीत. ज्याला करायची त्याला लिहून कळवा, रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पोस्टाची पावती आणून चर्चच्या फळ्यावर टाचा. फळा निम्मा भरलासुद्धा. आमच्या धोबीखान्यातल्या मुकादमबाईंनी चार टाचल्यात. एवढे वैरी त्यांना मिळाले कुठून, देव जाणे.

माझी एकच आहे. तर लिहिते. बारक्या, आईच्या बाबतीत तू जे केलंस त्याची मी तुला देवासमोर क्षमा केली आहे. आता माझ्या मनात काही नाही.

बाबा ब्याऐंशीचे झाले. जन्मभर कबरींचे दगड घासले, ती धूळ छातीत बसलीय. आईसारखाच ऑक्सिजनचा सिलिंडर आता त्यांच्या उशाशी उभा आहे. रोज सकाळी रिकामा काढून भरलेला मी लावते, ऑक्सिजन सोडायची चावी मीच फिरवते. दुपारी दोन ते सहा माझी इस्पितळाच्या धोबीखान्यातली पाळी असते, तेवढा वेळ शेजारच्या काकू बसतात.

उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

ताई


११ मार्च

ताई,

सलाम. मी लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो होतो, कोपरापर्यंत ग्रीस. तिथून वर बोलावून पोस्टमनने सही घेतली. रजिस्टर म्हटल्यावर वाटलं, कोर्टाची नोटीस आली. फोडून बघतो तर क्षमा! सोबतचा कारागीर विचारतो, काय आलंय? म्हटलं, सुटका झाली माझी. तो म्हणाला, कशातून? मला सांगता येईना.

खरंच येईना, ताई. आधी वाटलं, मी घर सोडून निघून आलो, बाबांना तुझ्या गळ्यात टाकलं, त्याबद्दल असेल. ते कबूल. त्याची क्षमा दोन्ही हातांनी घेतो. पण तू लिहितेस, आईच्या बाबतीत जे केलंस. काय केलं मी आईच्या बाबतीत? क्षमा एवढी रजिस्टर करून पाठवतेस, तर गुन्हा तोंडाने नीट सांग की. फळ्यावर पावती टाचलीस ती कशाबद्दलची, ते मला तरी कळू दे.

बाबांचं वाचून दोन घास कमीच गेले. चावी कोण फिरवतं ते वाक्य मी दोनदा वाचलं. जपून राहा.

बारक्या


१६ मार्च

बारक्या,

शब्दात पकडायची तुझी खोड अजून गेली नाही. नीट सांग म्हणतोस? घे.

त्या दिवशीही माझी पाळी दोन ते सहाच होती. मी तुला आईच्या उशाशी त्या लाकडी खुर्चीवर बसवलं आणि तीन गोष्टी बोटांवर मोजून सांगितल्या. काट्यावर नजर ठेव. काटा लाल पट्टीत गेला की दुसरा सिलिंडर लाव. आणि उठू नकोस. मान डोलावलीस. सहाला मी आले तर खुर्ची रिकामी. आई गेलेली. नळी नाकाला तशीच, काटा शून्यावर, आणि दुसरा भरलेला सिलिंडर भिंतीशी उभा, त्याचं सीलसुद्धा फोडलेलं नाही. बाबा दारात उभे होते, दगडाच्या भुकटीने हातपाय पांढरे, मला वाटलं कारखान्यातून नुकतेच येतायत. तू मागच्या नळावर तोंड धूत होतास. मी विचारलं, कुठे होतास? तू म्हणालास, बाहेर गेलो होतो. एवढंच. एकोणीस वर्षं मी त्या तीन शब्दांवर काढली.

मी ओरडले नाही, आठव. दफनाला तुझ्याच शेजारी उभी राहिले. पण धोबीखान्यात चादरी इस्त्रीला घालताना मनात तुला रोज त्या खुर्चीवर बसवायचे आणि विचारायचे, कुठे गेला होतास रे? एखादी बाई होती का? की दारू? की नुसता कंटाळा आला? आई काट्याकडे बघत गेली असेल, त्या वेळी तू कुठे होतास?

हे सगळं गिळून मी तुला क्षमा केली, आणि तू उलटा मलाच जाब विचारतोस! कमाल आहे तुझी.

ताई


२४ मार्च

ताई,

पत्र वाचलं. मला वाटत होतं तू रुसलीयस. मी निघून आलो म्हणून रुसलीयस. तू माझ्याबद्दल हे धरून बसली असशील, असं एकदाही मनात आलं नाही. मी खरंच मूर्ख.

तुझी क्षमा मी घेत नाही. परत घे. फळ्यावरची पावती काढ. रागाने म्हणत नाही, देवाशप्पथ नाही. ती माझी नाही, म्हणून घेत नाही.

मी खुर्चीवरून उठलो हे खरं. बाहेर गेलो होतो हेही खरं. तुझ्याशी मी एक अक्षर खोटं बोललो नाही. पण पुरतं खरंही बोललो नाही, आणि का बोललो नाही ते कृपा करून विचारू नकोस.

त्यापेक्षा तुझ्या पाळकसाहेबांना एक विचार. कागदावर आईबापांचा मान राखण्याची सूचना दुसरी आहे म्हणालीस. खरं बोलण्याची कितवी? असेलच कुठेतरी. आणि ह्या दोघी एकमेकींच्या आडव्या आल्या, तर माणसाने आधी कोणती पाळायची? आमच्या लिफ्टमध्ये दोन बटणं एकदम दाबली, तर ती वाटेत लागणारा मजला आधी घेते. देवाकडे काय पद्धत आहे, तेवढं कळव.

बारक्या


३० मार्च

प्रिय बारक्या,

पाळकसाहेबांना विचारलं. खरं बोलणं पाचवी आहे. ते म्हणाले, क्रमाला काही अर्थ नाही, साती सूचना एकाच तोंडून आल्यात. मी म्हटलं, हो, पण पाळणारे हात दोनच असतात ना? तेव्हा डोकं खाजवत म्हणाले, पुढच्या आठवड्यात सांगतो. बिचारे.

मी दोन दिवस तुझ्या पत्राचाच विचार करत होते. चादरी जाळल्या दोन, मुकादमबाईंचं ऐकून घेतलं. आणि मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आईनेच तुला घालवलं ना? त्या महिन्यात ती सारखं म्हणायची, सोडवा रे मला. तुला म्हणाली असेल, जा, जरा पाय मोकळे करून ये. आणि तिने आपणहून जीव सोडला हे लोकांना कळू नये, म्हणून तू गप्प राहिलास. तिचा मान राखलास. असंच असेल तर बारक्या, मी तुला फार छळलं मनातल्या मनात. एका शब्दाने हो म्हण.

तुझं पत्र नेहमीसारखं बाबांना वाचून दाखवलं. त्यांना आता अक्षर लागत नाही, घरात आलेलं प्रत्येक पत्र मीच मोठ्याने वाचते. आईबापांचा मान हे शब्द आले तसा त्यांनी हात वर केला. म्हणाले, पुरे. जेवले नाहीत. मग कागद मागितला आणि तीन दिवस अंदाजानेच लिहीत बसले, ओळी सगळ्या खाली घसरलेल्या. मला बघू दिलं नाही, डिंकही स्वतः लावला. ते ह्याच पाकिटात घालतेय. मी उघडलेलं नाही. शपथ घ्यायची नसते, तरी शपथ.

परवा आईच्या कबरीवर जाऊन आले. खालची पट्टी अजून कोरीच आहे. नाव, तारखा बाबांनी कोरल्या, खाली वचनासाठी हातभर जागा घासून गुळगुळीत करून ठेवली आणि तिथे काही उतरलंच नाही. इथल्या निम्म्या कबरींवर त्यांच्या हातचं वचन आहे, आपल्या आईच्याच नाही. मी समजायचे, दुःखाने हात चालत नसेल. आता तर खरंच चालत नाही.

ताई


(ताईच्या पाकिटातलं दुसरं पत्र)

चिरंजीव बारक्यास बापाचा आशीर्वाद.

दिसत नाही, अक्षर समजून घे.

तू दिलेला शब्द पाळलास. आईबापाचा मान राखणाऱ्याला देव विसरत नाही, तुलाही विसरणार नाही. आता माझे थोडे दिवस उरलेत, तेवढ्यासाठी शब्द मोडू नकोस.

मी काय केलं ते मी विसरलेलो नाही. तू जा, मी बसतो, असं म्हणून मीच तुला खुर्चीवरून उठवलं. त्याआधी एकवीस दिवस मी उपास धरून प्रार्थना केली होती. मला स्पष्ट सांगणं झालं होतं की ह्या लोखंडावर टेकू नकोस, माझ्यावर टेक. म्हणून मी चावी बंद केली. विश्वासाने केली. तिला मारायला नाही केली. ती उठून बसणार, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं, उद्याचा सूर्य दिसावा तसं. ती शांत गेली. तुला वाटतो तेवढा त्रास तिला झाला नाही.

तो आवाज कुणाचा होता, ह्याचा निवाडा देव करील. मी त्याच्यापुढे पुष्कळ रडलो आहे. त्याने मला क्षमा केली. मग माणसांना सांगून काय साधायचं?

आणि दुसरं. माझी चावी आता तिच्या हातात आहे. रोज सकाळी रिकामा काढून भरलेला लावेपर्यंत मध्ये दोन मिनिटं जातात. तेवढ्यात माझा जीव टांगणीला लागतो. तिला कळलं तर ती दोन मिनिटं किती लांबतील, मला सांगता येत नाही. ती चांगली मुलगी आहे. मीही चांगला माणूस होतो.

हो किंवा नाही, एवढंच लिही. तुझं पत्र ती वाचणार आहे, हे ध्यानात ठेव. हे फाडून टाक.

बाबा


९ एप्रिल

बाबा,

सलाम. हे पत्र ताई तुम्हाला वाचून दाखवतेय. ताई, मध्ये कुठे थांबू नकोस. शेवटपर्यंत वाच, मग काय करायचं ते कर.

बाबा, तुम्ही हो किंवा नाही विचारलंत. मी दोन्ही लिहितो.

हो, मी सांगणार नाही. माझ्या तोंडून ते निघणार नाही. त्या दिवशी मागच्या नळावर तुम्ही माझा खांदा धरून म्हणालात, हे तुझ्या तोंडून निघालं तर तुझा बाप मेला म्हणून समज. मी तुम्हाला जिवंत ठेवलं. अडकलेल्या लिफ्टमधून माणसं काढायला जातो, तेव्हा आतून कुणी म्हणालं की श्वास घुसमटतोय, तर पाना हातातून सुटतो. सोबतचे हसतात, म्हणतात ह्याला आता म्हातारपण आलं. लग्न केलं नाही, कारण बायकोला कधीतरी सांगावं लागलं असतं. तक्रार नाही. मान राखायचा होता, राखला.

आणि नाही, आता तोंड शिवून बसणारही नाही. ताईने मला क्षमा केली, बाबा. बिचारीने पोस्टात रांग लावून केली. ती क्षमा मी अंगाला लावून बघितली, मला होत नाही, ती दुसऱ्याच्या मापाची आहे. ज्याच्या मापाची आहे त्याने तिच्याकडून मागून घ्यावी. देवाने तुम्हाला आधीच केली असेल. त्याच्याकडे मागणं सोपं, तो रोज सकाळी समोर उभा राहून चावी फिरवत नाही.

तुमचं पत्र मी फाडलं नाही. कुणाला दाखवणारही नाही. सांगायचं तर तुम्हीच सांगा. हा कागद संपला की ताई मान वर करील. ती काय विचारील ते तुम्हाला माहीत आहे. तिला भिऊ नका. माझ्यावर एकोणीस वर्षं राग धरला, पण माझं एक कार्ड तिने फाडलं नाही.

बारक्या


२८ एप्रिल

प्रिय बारक्या,

तुझं पत्र येऊन दोन आठवडे झाले. तीनदा लिहायला बसले, तीनदा फाडलं.

शेवटपर्यंत वाचलं, तू सांगितलंस तसं. मग मान वर केली. बाबा माझ्याकडे बघत नव्हते, भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत होते, तिथे चावी लटकवलेली असते. म्हणाले, चावी मी बंद केली होती. मला आधी उमजलंच नाही. म्हटलं, चालू आहे हो बाबा, काटा बघा ना वर आहे. ते म्हणाले, तुझ्या आईची.

मग श्वास घेत, थांबत, तासभर सांगत होते. तुला लिहिलं होतं ते सांगितलं आणि लिहिलं नव्हतं तेही सांगितलं. ती शांत गेली नाही, बारक्या. तिने दोनदा हात पुढे केला, चावी मागायला. बाबा तो हात आपल्या हातात घेऊन प्रार्थना करत राहिले. भिऊ नकोस, म्हणत होते तिला. शेवटी शेवटी ती वर कुठे बघत नव्हती, त्यांच्या हाताकडेच बघत होती. साडेपाचला तू आलास तोवर ती गेली होती, तरी झडप घालून तू चावी पुरती उघडलीस आणि तळाशी उरलं होतं तेवढं सगळं निघून गेलं. मी सहाला येऊन तो शून्यावरचा काटा बघितला आणि तुझा गुन्हा ठरवून मोकळी झाले.

मी ओरडले नाही. रडलेही नाही. स्वयंपाकघरात गेले, घासलेली भांडी पुन्हा घासली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामा सिलिंडर काढला. भरलेला लावला. चावी हातात घेतली आणि थांबले. किती वेळ, कुणास ठाऊक. बाबा माझ्या हाताकडे बघत होते. मग फिरवली.

तेव्हापासून रोज हेच. रोज थांबते, रोज फिरवते. वाटलं होतं दिवस जातील तसं थांबणं कमी होईल. होत नाहीये. मला माझ्याच हाताची भीती वाटते, आणि हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

रविवारी उभी राहिले. म्हटलं, मी चुकीच्या माणसाला क्षमा केली. पावती काढून घेतली. पाळकसाहेब म्हणाले, मग बरोबर माणसाला लिहा, ताई. बरं म्हटलं. पाकिटावर माझ्याच घराचा पत्ता घातला. पोस्टातली बाई म्हणाली, अहो, हे तर तुमच्याकडेच येणार. म्हटलं, हो, पलीकडच्या खोलीत द्यायचंय. तिने पावती दिली, ती मी फळ्यावर टाचली. आत काय आहे विचारशील. कोरा कागद. दोन ओळींच्या पुढे हात सरकेना, म्हणून त्या ओळीही फाडल्या आणि कोराच घातला. पाकीट आता बाबांच्या उशाशी आहे. ते रोज विचारतात, वाचून दाखवतेस का? मी म्हणते, उद्या.

चावीपासून कोऱ्या कागदापर्यंत सगळं मी पाळकसाहेबांना सांगून टाकलं. घरी आले होते. वाटलं, आता सातींमधली एखादी सूचना काढतील. काढली नाही. विचारलं, चावी फिरवता ना? म्हटलं, फिरवते. म्हणाले, तेवढं सोडू नका. बाकीचं मलाही माहीत नाही. जाताना चप्पल उलटसुलट घालून गेले, एवढे हलले होते.

आता तुझं. माझी क्षमा तू परत केलीस ते बरं केलंस. मी तुझ्याकडे मागतेय. मोठी आहे म्हणून नाही, तुझी चोर म्हणून मागतेय. एकोणीस वर्षं तुझा भाऊपणा मी डब्यात कोंडून ठेवला. केलीस क्षमा तर कर, नाही केलीस तरी मी काही म्हणणार नाही. हे पत्र साध्या पोस्टाने टाकतेय. ह्याची पावती मला नको.

आणि एक काम आहे. शेजारच्या काकू महिनाअखेर लेकीकडे राहायला चालल्यात, आता परत येणार नाहीत. धोबीखाना मला सुटत नाही. सकाळची चावी मी कशीबशी निभावीन, पण दुपारी दोन ते सहा बसायला कुणी नाही. परक्याला बसवायचा धीर आता माझ्यात नाही. तू ये. खुर्ची तीच आहे, मागचा पाय डुगडुगत होता, तो मी खिळा मारून पक्का केलाय.

काट्यावर नजर ठेव. काटा लाल पट्टीत गेला की दुसरा सिलिंडर लाव. आणि बाबांनी जा म्हटलं तरी उठू नकोस.

ताई